पाच पत्त्यांचा बूटवाला

तळवलीत आज तुम्ही 'पट्टीचे बूट करणारे गमरे कुठे?' असं विचारलंत, तर तळ्याकाठचा भेळवाला गाडी सोडून उठतो, गल्लीच्या तोंडापर्यंत तुमच्याबरोबर येतो आणि हात करून घर दाखवतो. शाळेच्या फाटकावरचा वॉचमन मूळचा बिहारचा, त्याचं मराठी जेमतेम, पण 'गमरे' एवढा शब्द त्याचा पक्का आहे. गावाला एका भाडेकरूचा एवढा उमाळा कुठून आला, असं कुणालाही वाटेल. उमाळाबिमाळा काही नाही. अंकुश गमऱ्यांनी दारोदार फिरून हे करून घेतलं, आणि ते करून घ्यायची वेळ आली याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

गमरे मूळचे खेडच्या बाजूचे. त्यांची आई वेणूबाई हिचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला. ती पावलाच्या कडेवर चालायची आणि त्या कडेला टाचेसारखा घट्टा पडला होता. तसल्या पायावर तिने लोकांच्या शेतात लावणी केली, डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, आणि दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत सगळ्यांच्या मागे पडून का होईना, पण शेवटपर्यंत चालली. 'बस गं वेणू जरा' असं कुणी म्हटलं की तिला राग यायचा. तान्हेपणी प्लास्टर घातलं तर असा पाय सरळ होतो, हे तिच्या आईबापाला कुणी सांगितलं नाही. सांगणारा त्या वाडीपर्यंत पोचलाच नव्हता.

मुलाला ते कळलं नवी मुंबईत, पावणे इथे. तिथल्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात अधू पायांना आधार देणारे कॅलिपर आणि कमरपट्टे बनत, तिथे गमरे चामडं कापायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात एक विचित्र जोड आला. बोटाएवढाले दोन बूट, बाहेरच्या बाजूला वळवलेले, आणि दोघांना जोडणारी मध्ये एक धातूची पट्टी. मालकाने समजावून सांगितलं. वळलेला पाय डॉक्टर दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करतात, पण तो पाय हट्टी असतो. मोकळा सोडला की पुन्हा आपल्या वळणावर जातो. म्हणून मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज झोपताना हे बूट घालायचे. पाय वाढला की नवा जोड. मध्ये खंड पडला की सगळं केलेलं पाण्यात. गमरे त्या दिवशी जेवायला बसले आणि डबा तसाच परत आणला. आईचं वय तेव्हा साठीला आलं होतं.

पुढे मालक थकले, त्यांनी गाळा बंद केला. गमऱ्यांनी शिवणयंत्र आणि घासायची मोटर घेतली आणि तळवलीत हिरामण मढवींच्या घराच्या तळमजल्यावर आपलं दुकान थाटलं. दुकान म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक खोली, एक बाक, एक टेबल, आणि भिंतीवर लहानमोठे लाकडी साचे.

आता या घराला पत्ता नव्हता. नवी मुंबई म्हणजे सगळा नंबरांचा कारभार, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, विंग ढमुक. पण या शहराच्या पोटात जी जुनी गावं राहिली, त्यांच्या कडेकडेने लोकांनी गरजेपोटी घरं बांधली. त्या घरांना ना सेक्टर, ना प्लॉट. तिथे पत्ता सांगायची रीत वेगळी. आधी विचारायचं, 'येताय कुठून?' आणि येणारा ज्या बाजूने येईल त्या बाजूची खूण द्यायची. स्टेशनकडून आलात तर तळ्याच्या कडेला. बेलापूर रोडवरून वळलात तर शाळेच्या मागे. रिक्षाने आलात तर जुन्या गिरणीसमोर. गिरणी पडून तिथे चार मजली इमारत उभी आहे, पण रिक्षावाल्यांच्या तोंडून गिरणी काही जात नाही. गमरेही कोकणातल्या वाडीतलेच. त्यांना ही रीत इतकी अंगवळणी होती की पत्ता म्हणजे येणाऱ्याची सोय, यापलीकडे त्यांनी कधी विचार केला नाही.

मुलगी क्रांती सीवूड्सला एका ऑफिसात नोकरी करते. तिने बापासाठी साधी, नेटकी वेबसाइट करून दिली. बुटांचे फोटो, माप कसं घ्यायचं, बूट का घालायचे, सगळं मराठीत. गमरे खूश. पण इंटरनेटवर शोधून बघावं तर पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. तिथे सगळ्या बूटपॉलिशच्या कंपन्या बसलेल्या.

अशात एक फोन आला. बोलणारा पोरगा भलता गोड होता. "सर, तुमची साइट पाचशे डिरेक्टऱ्यांत टाकतो. महिन्याभरात पहिलं पान, गॅरंटी."

गमऱ्यांनी त्याला काम दिलं नाही, पण कल्पना मनात रुतली. रात्री जेवताना त्यांनी क्रांतीजवळ विषय काढला.

"पप्पा, ते जुनं झालं," ती म्हणाली. "असल्या डिरेक्टऱ्या कोण बघतं? सर्चवाले पण विचारत नाय त्यांना."

"नाव जितकं पसरंल तितकं बरंच की. आपण पॉम्प्लेट वाटत नव्हतो?"

"तुमी टेन्शन नका घेऊ, हळूहळू येईल वर."

हळूहळू हा शब्द गमऱ्यांना सोसवत नाही. पोराचा पाय हळूहळूची वाट बघत नसतो. त्यांनी संध्याकाळी दुकान आवरल्यावर इंटरनेटवरच्या एकेका डिरेक्टरीत, म्हणजे नाव-पत्त्यांच्या यादीत, आपलं नाव भरायला सुरुवात केली. धंद्यांची डिरेक्टरी, डॉक्टरी सामानाची डिरेक्टरी, कुठली तरी देशभराची, कुठली फक्त ठाण्याची. काहींत तर बुटांचा रकानाच नव्हता, तिथे त्यांनी 'पादत्राणे' निवडून पुढे रेटलं. आणि पत्त्याच्या जागी आले की ते थांबत आणि डोळ्यांसमोर येणारा माणूस आणत. ठाण्याची डिरेक्टरी, म्हणजे माणूस बेलापूर रोडने येणार. लिहा, शाळेच्या मागे. पनवेल-रायगडची असेल तर तो गाडीने येऊन स्टेशनवर उतरणार, लिहा, तळ्याजवळ. इस्पितळांची असेल तर मूल कडेवर घेऊन रिक्षाच करणार, लिहा, जुन्या गिरणीसमोर. एक-दोन ठिकाणी देवळामागची गल्ली लिहिली. काही जुन्या गिऱ्हाइकांना पावण्याचाच गाळा ठाऊक, त्यांची चुकामूक नको म्हणून तोही कुठे कुठे ठेवून दिला. इतक्या मायेने कुणी डिरेक्टरी भरली नसेल. त्या मायेनेच घात केला.

वेबसाइट जागची हलली नाही. होती त्याहून मागेच गेली. मात्र फोन यायला लागले. उठल्यापासून फोन. 'सर, पहिलं पान.' 'सर, हजार डिरेक्टऱ्या.' 'सर, तुमची साइट बघितली, खूप प्रॉब्लेम आहेत.' नंबर गावभर वाटला तर फोन येणारच, पण यायचे ते सगळे असलेच. पी हळद नि हो गोरी असलं सांगणारे. हातात सुई, सुईत दोरा, आणि खिशात हे सुरू. गमरे तसे शांत माणूस, पण एका दुपारी चिडले आणि त्या दिवसापासून अनोळखी नंबर दिसला की कट. मग फोन फळीवरच ठेवू लागले, आणि मोटर चालू असली की तो वाजतोय हेसुद्धा कळायचं नाही. दुकानात पहिल्यासारखी शांतता झाली. त्यांना बरं वाटलं.

शिमगा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. पोलादपूरकडच्या एका गावातली एक बाई आली. तिच्या मुलाचे बूट गमरेच करत. तिच्याबरोबर एक जोडपं होतं, नंदकुमार आणि अरुणा, आणि त्यांची दोन-अडीच वर्षांची मुलगी, वैदेही. "यांना तुमचं घर सापडत नव्हतं, म्हणून मीच घेऊन आले हाताला धरून," ती बाई म्हणाली.

गमऱ्यांनी मुलीला टेबलावर बसवलं, मोजा काढला आणि डावं पाऊल तळहातावर घेतलं. त्यांना पुढे काही विचारायची गरज नव्हती. टाच वर ओढलेली, तळवा आत फिरायला लागलेला. एकदा नीट सरळ केलेला पाय होता तो. डॉक्टरांच्या हातची सगळी मेहनत त्यात दिसत होती, आणि ती निसटत चाललेलीही दिसत होती.

"बूट घालत नव्हती का?" त्यांचा आवाज जरा चढला.

"इस्पितळातनं घेतलेले लहान झाले होते," नंदकुमार म्हणाला. "बदलायला आलो होतो की तुमच्याकडं. गणपती झाल्यावर लगेच."

"माझ्याकडं? मी कधी बघितलं नाय तुम्हाला."

"भेट झालीच नाय."

मग त्याने सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. वाट चुकलेला माणूस सांगतो तसं सांगितलं. मोबाइलवर बघितलं तर पहिला पत्ता पावण्याचा निघाला. तिथे गेले, तर गाळ्यात रंगाच्या डब्यांचं गोदाम. तिथून दुसरा पत्ता बघितला, तळ्याजवळ. तळ्याला वेढा घालून झाला. मग तिसरीकडे गिरणी लिहिलेली. गिरणी दाखवा म्हटलं तर भाडेकरू पोरं म्हणाली, इथे कसली गिरणी! शाळेच्या मागेही जाऊन आले. ऊन मी म्हणत होतं. पोर खांद्यावर झोपून गेली.

"मग आम्हाला वाटलं, दुकान बंद झालं असंल, नायतर हे सगळं खोटंच असंल. एवढे पत्ते खऱ्या माणसाचे कुठं असतात?" नंदकुमार जरा ओशाळून हसला. "फोनपण लावला दोन-तीनदा. कट झाला. तुमी कामात असाल."

गमऱ्यांनी हातातलं पाऊल हलकेच खाली ठेवलं. ते आठवायला लागले की अशा कुठल्या दुपारी आपण फोन कापला होता. आठवेना. त्यांनी इतके फोन कापले होते की त्यातला हा कुठला, ते सांगता येणं शक्यच नव्हतं. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण जाळणाऱ्याला त्याची खबर तरी असते. यांना तीही नव्हती.

"कामात नव्हतो," ते म्हणाले. "अनोळखी नंबर उचलत नव्हतो मी."

अरुणाने खाली वाकून मुलीचा मोजा पुन्हा चढवला आणि तो उगीचच दोनदा नीट केला.

नवीन बूट तेव्हा देऊन उपयोग नव्हता. आत वळलेल्या पायावर ते बसलेच नसते, बसवले असते तर पोरीला दुखलं असतं. गमऱ्यांनी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा प्लास्टर, पहिल्यापासून, आणि कदाचित टाचेमागची शीर सैल करायला छोटं ऑपरेशन. चालायला लागलेलं पोर पुन्हा कडेवर आलं. गमऱ्यांच्या मनात त्या दिवसांत एकच गोष्ट फिरत राहिली. आपल्या आईला सांगणारा कुणी भेटला नाही. या पोरीला डॉक्टर भेटले, प्लास्टर भेटलं, उन्हातान्हात तिला खांद्यावर घेऊन फिरणारा बाप भेटला. आपण तेवढे भेटलो नाही. आणि आपण तर इथेच होतो, या टेबलाशी.

क्रांतीला त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांना रडू आलं. तिने बापाला असं रडताना आजी गेली तेव्हा एकदाच पाहिलं होतं. ती लॅपटॉप घेऊन बसली आणि बापाने भरलेल्या डिरेक्टऱ्या एकेक करून उघडत गेली.

"हे बघा पप्पा," ती शेवटी म्हणाली, "माणसाला तुमी बाजू बघून पत्ता सांगितला तर कळतं. मशीनला काय कळणार? त्याला वाटतंय पाच वेगवेगळे गमरे हायत नि पाचांतला एकपण भरवशाचा नाय. म्हणून आपण मागं पडलो."

"मग हे सगळं टाकलं ते फुकटच?"

"पाचशे डिरेक्टऱ्यांनी कोण वर जात नाय. लोक खरंच बघतात अशा दोन-चार जागा असतात. तिथं नाव, पत्ता, फोन अक्षरन् अक्षर एकच पायजे. बाकीचं कचऱ्यात टाका."

पण कचऱ्यात टाकणं तरी कुठे हातात होतं? काही डिरेक्टऱ्यांनी पत्ता बदलून दिला. बऱ्याच ठिकाणी उत्तर आलं नाही. काही तर मेलेल्याच होत्या. चालवणारा कधीच निघून गेलेला, पान तेवढं उघडं राहिलेलं, आणि त्या पानावर गमरे जन्मभरासाठी गिरणीसमोर बसलेले. एका डिरेक्टरीतलं दुसरीने उचललेलं, दुसरीतलं तिसरीने. चूक एकदा केली होती, पण ती आपल्या पायांनी चालत सुटली होती.

क्रांतीने आणखी एक काम केलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना जाऊन भेटली. त्यांच्या वेबसाइटवर आईबापांसाठी माहितीचं पान होतं, त्यावर 'बूट कुठे मिळतील' या ओळीखाली त्यांनी गमऱ्यांचं नाव घातलं. एवढंच. ते एक नाव त्या शेकडो डिरेक्टऱ्यांना भारी पडलं. पावसाळा संपता संपता शोधलं की गमरे पहिल्या पानावर दिसायला लागले, आणि खरे फोनही सुरू झाले. क्रांती उड्या मारत सांगायला आली. गमरे म्हणाले, "बरं झालं," आणि चामडं कापत राहिले. ज्या माणसाने तसा फोन कापलेला असतो त्याला पहिल्या पानाचं काय कौतुक असणार?

त्यांचा जीव त्या मेलेल्या पानांत अडकला होता. ती तशीच राहणार, आणि कुठून तरी कुणी तरी ती बघून येणार, मूल खांद्यावर घेऊन, पुन्हा गिरणी शोधत. शेवटी ते हिरामण मढवींकडे गेले. हिरामण घरमालक, सत्तरी ओलांडलेले, गावातले जुने शेतकरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी हसले.

"म्हंजी तुजी पाच घरा झाली रं गावान," ते म्हणाले, "नि मना भारं एकाचाच मिलतं!"

गमऱ्यांना हसू आलं नाही. हिरामणनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "मना इचारलं असतं त सांगितलं असतं. आमचे गावान घर नंबरानी सापरत नाय, मानसानी सापरतं. चल, उठ."

दोघे निघाले. तळ्याजवळ गेले, शाळेच्या फाटकाशी गेले, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या वॉचमनकडे गेले, देवळामागच्या वाण्याकडे गेले. गमरे एकटे जाऊन पावण्याच्या रंगाच्या गोदामातही सांगून आले. सगळीकडे बोलणं एकच. इथे कुणी मूल घेऊन आलं, गोंधळल्यासारखं दिसलं, तर त्यांना विचारा की बूटवाले गमरे हवेत का, आणि हवे असतील तर घरापर्यंत सोडा. भेळवाला नवखा होता, कशाला ही नसती उठाठेव असा त्याचा चेहरा होता. गमऱ्यांनी पिशवीतून एक जोड काढून त्याच्या हातात दिला, मधल्या पट्टीसकट. तो त्या बोटभर बुटांकडे पाहत राहिला. "इतना छोटा," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने आजवर कुणाला चुकू दिलेलं नाही.

वैदेहीचा पाय पुन्हा सरळ झाला. आधीपेक्षा जास्त त्रासाने झाला, आणि त्या टाचेमागे एक बारीक वण राहिला. बूट न्यायला ते आले तेव्हा तिने गमऱ्यांकडे पाहून रडायला सुरुवात केली. तिला आता कुणीही पायाला हात लावला की प्लास्टरच आठवायचं. गमऱ्यांनी तिला लाकडी साचे खेळायला दिले, ती गप्प होईपर्यंत थांबले, आणि मग बूट चढवले. अरुणाने पट्टीला हात लावून ती घट्ट बसली आहे का ते पाहिलं. निघताना ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. "काका, पुढचा जोड कधी लागंल?"

"मीच फोन करीन," गमरे म्हणाले.

'पहिलं पान'वाल्यांचे फोन अजून येतात. त्या मेलेल्या डिरेक्टऱ्यांत नंबर आहे तोवर येतच राहणार. मोटर चालू असताना फळीवर फोन थरथरतो. गमरे आता फळीकडे तोंड करून बसतात, म्हणजे ऐकू आला नाही तरी दिसतो. मोटर बंद करायची, हात पुसायचे, फोन उचलायचा, 'बोला' म्हणायचं, समोरून गोड आवाज आला की 'नको ताई' म्हणून ठेवायचा, आणि पुन्हा मोटर सुरू करायची. एका रविवारी क्रांती शेजारी बसली होती. तेवढ्या वेळात त्यांना मोटर इतक्यांदा बंद करताना पाहून तिचाच धीर सुटला.

"पप्पा, अनोळखी नंबर आपोआप गप्प करता येतात. द्या, मी सेट करून देते."

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. नंबर ओळखीचा नव्हता.

"नको," गमरे म्हणाले. "वाजू दे." आणि त्यांनी मोटर बंद केली.